बंदुकांजवळ कुणीतरी हवं

आमचं लग्न इतकी वर्षं टिकलं याचं श्रेय लोक बेव्हनच्या शांत स्वभावाला देतात. खरं कारण वेगळंच आहे. आम्ही दोघं एका वेळी एका ठिकाणी फारसे नसतोच.

आमचा धंदा सिनेमांना बंदुका पुरवण्याचा. युद्धाचे, मारधाडीचे, हेलिकॉप्टरमधून जंगलात उड्या टाकणाऱ्या जवानांचे सिनेमे आमच्या उत्तर क्वीन्सलँडमध्ये बरेच होतात, कारण आमचं जंगल कुठल्याही देशाचं म्हणून खपतं. त्या जवानांच्या हातातल्या बंदुका आमच्या. त्यातल्या बहुतेक रबराच्या. पळायला, पडायला, चिखलात लोळायला त्याच बऱ्या. मोजक्या खऱ्या, ज्यांतून बिनगोळीची काडतुसं उडवायची म्हणजे जाळ दिसतो आणि कान बसतात. रबराच्या पेटीला कुलूप लावलं की काम झालं. खऱ्यांना कुलूप पुरत नाही, डोळे लागतात. तिजोरीत नसतील तेव्हा परवानेवालं माणूस त्यांच्यापाशी हवंच. परवाने दोनच, एक त्याचा आणि एक माझा. एकदा जरी त्या बेवारस सापडल्या तरी परवाने गेले, आणि त्यांच्यामागोमाग धंदा, घर आणि बेव्हनची मासेमारीची होडी.

त्यामुळे आमचा संसार पाळीपाळीनं झाला. आमची लेक टीगन शाळेत पोहण्याच्या शर्यतीत उतरायची तेव्हा काठावर तो तरी असायचा, नाहीतर मी तरी. वाढदिवसाच्या फोटोंत एका वर्षी आई, एका वर्षी बाप. तिच्या एका मैत्रिणीला कितीतरी दिवस वाटत होतं की आमचा घटस्फोट झालाय आणि आम्ही तो फार समजूतदारपणे निभावतोय.

म्हणून लग्न ठरलं तेव्हा टीगननं आमच्याकडे एकच गोष्ट मागितली.

"दोघं या. एकाच वेळी."

"येऊ की," बेव्हन म्हणाला.

"बाबा, 'येऊ की' नको. माझ्याकडे बघून सांग."

त्यानं तिच्याकडे बघून सांगितलं. मग तिनं मान माझ्याकडे वळवली, आणि मीही सांगितलं. लग्नाच्या दिवसापर्यंत शूटिंग संपून बंदुका तिजोरीत जाऊन बसलेल्या असणार होत्या. आम्ही काही खोटं बोलत नव्हतो.

पण पाऊस आला. मे महिन्यात असा पाऊस पडत नाही, असं सिडनीहून आलेले सगळे म्हणत होते. आमच्या टली गावाकडची माणसं काहीच म्हणत नव्हती. दिवसामागून दिवस आम्ही तंबूत बसून पाणी बघितलं, आणि सिनेमाचा शेवटचा प्रसंग सरकत सरकत थेट लग्नाच्या सकाळवर येऊन टेकला. नायक नदीतून वर येतो आणि कमरेवरूनच गोळ्या झाडत शत्रूची छावणी साफ करतो, एवढंच राहिलं होतं. लग्न दुपारचं होतं. दिग्दर्शक म्हणाला, नऊपर्यंत तुम्हाला सोडतो.

त्याला कुठलीच गोष्ट नऊपर्यंत जमलेली मी पाहिली नव्हती.

खरी बंदूक कुणाच्या हातात देण्याआधी मी ती उघडते, नळीत टॉर्च मारते, आणि आधी नटाला, मग कॅमेरावाल्याला, मग जवळ जो कुणी उभा असेल त्याला आत बघायला लावते. सगळ्यांनी रिकामी पाहिली की सगळ्यांसमोर भरते. माझ्या हातातून नटाच्या हातात, नटाच्या हातातून माझ्या हातात. मध्ये कुणी नाही. आणि 'कट' झालं तरी मी बंदूक परत घेऊन पुन्हा रिकामी दाखवीपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. महागातल्या महाग नटालासुद्धा मी चिखलात उभं करून ठेवलंय. त्या सकाळी नायकाला तर जळवा लागल्या होत्या, तरी बिचारा पुतळ्यासारखा थांबला.

"अजून झाडत राहू दे त्याला," दिग्दर्शक म्हणत होता. "मजा येतेय."

"तीस काडतुसं मावतात. तीस झाडून झाली."

"लोक मोजत नाहीत गं, लिओनी."

"लोकांना हौस नाही. मला आहे."

त्या प्रसंगात मागे शत्रूचा दारूगोळा रचलेला दिसायला हवा होता. कला विभागातल्या पोरीनं आदल्या दिवशी आमच्याच सगळ्या पेट्या मागून नेल्या आणि लष्करी हिरव्या रंगात रंगवून टाकल्या. रबराच्या पेट्यांवर आमची पिवळी पट्टी असते, ती काढली. "झालं की परत लावून देते," म्हणाली. मी म्हटलं बरं. पट्टी नसली तरी आमची दुसरी खूण होतीच. तंबूत शिरलं की उजवीकडे खऱ्या, डावीकडे रबराच्या. मुलं झोपेतही आपापली बाजू सोडत नाहीत, तशा आमच्या पेट्या.

शेवटचा शॉट होऊन पेट्या तंबूत आपापल्या बाजूला परत आल्या तेव्हा नदी सेटमध्ये शिरायला लागली होती. नायकाच्या हातातली बंदूक मी पुसून उजवीकडच्या पेटीत ठेवली, कुलूप लावलं. पाऊस समोरून इतका मारत होता की हमालांनी तंबूची मागची कनात उघडली आणि तिकडून पेट्या काढायला सुरुवात केली. बेव्हन पावसात उभा राहून ओरडत होता, "उजवीकडच्या ट्रकमध्ये, डावीकडच्या माझ्या पिकअपमध्ये." खऱ्या मी घेऊन जाणार, गावातल्या गोदामाच्या तिजोरीत ठेवणार आणि तशीच मंडपात पोचणार. त्यानं रबर घेऊन पुढे निघायचं, कारण नवरीला चालवत आणायचं काम बापाचं, आणि त्याला आधी दाढी करायची होती.

"वेळेवर ये," तो खिडकीतून म्हणाला.

"तू दाढी नीट कर. हनुवटीखाली राहते."

तो गेला. मीही निघणार, एवढ्यात ट्रकच्या दारावर टकटक झाली. बाहेर कर्नल उभा. म्हणजे लिंडन. सिडनीच्या रंगभूमीवरचा साठी उलटलेला नट. या सिनेमात त्यानं दुष्ट कर्नलचं काम केलं होतं. अंगावर गणवेश, छातीभर पदकं, आणि पायांत कुणाच्या तरी रबरी चपला.

"बस मला सोडून गेली," तो म्हणाला. "सैन्यानं सेनापतीला रणांगणावर टाकलं."

"चढा, कर्नल. पण माझ्या ड्रेसवर बसू नका."

निळा ड्रेस प्लास्टिकमध्ये गुंडाळून मधल्या सीटवर ठेवला होता, वर टोपीचं खोकं. कर्नलनं ते मांडीवर घेतलं आणि मूल सांभाळावं तसं सांभाळलं.

सेटपासून मोठ्या रस्त्यापर्यंत दोन ओढे लागतात, धाकटा आणि थोरला. धाकट्यात पाणी निम्म्या चाकापर्यंत होतं. गेलो निघून. थोरल्यावर पोचलो तर पूल नव्हता. म्हणजे असेल पाण्याखाली, पण दिसत होता तो फक्त पुलाच्या नावाचा फलक, तोही मानेपर्यंत बुडालेला. मी ट्रक वळवला. परत धाकट्यावर येईस्तोवर तिथे तपकिरी पाणी सुसाट वाहत होतं आणि त्यातून कुणाचं तरी कोंबड्यांचं खुराडं चाललं होतं.

मधल्या उंचवट्यावर मी ट्रक उभा केला. दोन्हीकडे ऊस. मागे पेट्या. फोनला रेंज नाही, सेटवरचा वायरलेस उचलायला सेटवर कुणी नाही.

"आता?" कर्नल म्हणाला.

"आता बसायचं."

"किती वेळ?"

"पाण्याला विचारा."

नटांना गप्प बसणं जड जातं.

"नाटकात असं झालं असतं तर आत्ता कुणीतरी प्रवेश केला असता," तो म्हणाला.

आणि खरंच कुणीतरी आलं. थोरल्या ओढ्यावरून पत्र्याची होडी घेऊन, नारिंगी कपड्यांतला ड्यूई. आमच्याकडे पुरात माणसं काढायला गावातलेच लोक जातात, ड्यूई त्यातला. एरवी तो ट्रॅक्टर दुरुस्त करतो.

"तू टीगनची आई ना?" त्यानं होडी उसाला बांधत विचारलं. "माझी बहीण केक घेऊन गेलीय तिकडे. चला, बसा. सोडतो पलीकडे."

"माझ्याबरोबर पेट्या आहेत, ड्यूई."

"कसल्या?"

मी सांगितलं. त्यानं डोक्यावरची टोपी मागे सारली.

"बंदुका नाही घेता येत, बाई. आमचा नियम आहे. माणसं घेतो, कुत्री घेतो, मागच्या वेळी तर एक डुक्कर घेतलं. बंदुका नाही."

"मग मलाही नाही येता येत."

"कुलूप लाव आणि चल की. इथे येतंय कोण चोरायला? मगर?"

"कुलूप लावून चालत असतं तर मी आयुष्यात अर्धी तरी मोकळी हिंडले असते."

त्यानं पेट्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग गुंडाळलेल्या निळ्या ड्रेसकडे बघितलं. "पलीकडच्या मळ्यावर एक म्हातारी अडकलीय, तिला आणि तिच्या कुत्र्यांना आणतो. परत येताना विचारीन. साहेब, तुम्ही तरी या."

कर्नलनं होडीकडे पाहिलं. मग पाण्याकडे. "मी बाईंना एकटं सोडणार नाही," तो म्हणाला.

ड्यूई गेल्यावर मी म्हटलं, "सद्‌गृहस्थ आहात हो."

"पोहता येत नाही मला."

"तुम्ही तर त्या आरमाराच्या मालिकेत कप्तान होतात. तीन वर्षं."

"जहाज स्टुडिओत होतं, लिओनी. दोन माणसं खालून हलवायची."

मी हसले आणि थर्मास काढला. चहा कोमट होता. गाडीतल्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून मी त्याच्याकडेच बघत होते. आत्ता टीगनच्या केसांत फुलं माळत असतील. आत्ता बेव्हन हनुवटीखालचं विसरला असेल. आत्ता ती विचारत असेल, आई आली का? आणि तो म्हणत असेल, येईलच. तिला त्या 'येईलच'चा आवाज पाळण्यापासून पाठ आहे.

"तिला वाईट वाटेल?" कर्नलनं विचारलं.

"नाही. तेच वाईट आहे. ती म्हणेल, मला माहीतच होतं. आणि हसेल. चांगली मुलगी आहे."

काचेवर पाणी वाहत होतं. उसाचे शेंडे एका बाजूला झुकून पुन्हा उभे राहत होते. दार उघडं होतं, पाय मोकळे होते, कुणी मला बांधलेलं नव्हतं. होडीतही जागा होती. तरी मी मागच्या त्या पेट्यांना अशी जखडलेली होते की उतरून दहा पावलं चालायचं म्हटलं तरी मान मागे वळवून चालायला लागलं असतं. आणि हे काही त्या दिवसाचंच नव्हतं. इतकी वर्षं मी त्या बंदुकांना सांभाळते असं समजत होते. त्या सकाळी मला पहिल्यांदा वाटलं की त्याच मला सांभाळतायत, कुठे जाऊ नये म्हणून.

असले विचार यायला लागले की हाताला काम द्यावं. दमट हवेत लोखंड लगेच गंजतं, आणि सकाळी पावसात वापरलेल्या बंदुका मी नुसत्या पुसून ठेवल्या होत्या. तेल द्यायला हवंच होतं. मी तेलाची बाटली आणि फडकं घेतलं, मागे जाऊन वरची पेटी उघडली.

वास आला तो तेलाचा नव्हता. नव्या चपलांच्या दुकानात येतो तसा.

मी बंदूक उचलली. वजन ठीक होतं, आम्ही आत लोखंडी सळई घालतो म्हणजे नट ती पिसासारखी हलवत नाहीत. नळीचं टोक चिमटीत धरलं आणि वाकवलं. ते वाकलं. सोडल्यावर हळूच सरळ झालं.

दुसरी पेटी. तिसरी. सगळं रबर.

"काय झालं?" कर्नल मागे येऊन उभा राहिला होता. "तुमचा चेहरा असा काय?"

मला मागची कनात आठवली. पुढून शिरलं की उजवीकडे खऱ्या. हमाल मागून शिरले. त्यांचं उजवं ते माझं डावं. बेव्हन ओरडत राहिला, ते ऐकत राहिले, त्यांनी अगदी त्यानं सांगितलं तसंच केलं. पिवळी पट्टी असती तर कुणाही आंधळ्याला दिसलं असतं.

"मी सकाळपासून रबर राखत बसलेय," मी म्हटलं.

कर्नल आधी हसला. मग त्याचं हसू मध्येच थांबलं. "मग खऱ्या कुठे आहेत?"

खऱ्या बेव्हनच्या पिकअपमध्ये होत्या. ती पिकअप आत्ता लग्नाच्या कुरणात कुठेतरी उभी होती, मागची फळी उघडी, किल्ली गाडीतच, कारण आमच्याकडे किल्ली काढून घेणं म्हणजे शेजाऱ्यांचा अपमान. भोवती नवऱ्या मुलाचे सगळे नातेवाईक. डारिओच्या इटालियन घरातला प्रत्येक पुरुष ऊस लावतो आणि रविवारी रानडुकरांच्या मागे जातो. बंदुकीच्या पेटीचा वास त्यांना चुलीवरच्या रश्शाइतका ओळखीचा. आणि बेव्हन आत पाहुण्यांत हिंडत असणार, डोक्यावर काही ओझं नसल्यासारखा, कारण त्याच्या मते त्याच्याकडे रबर होतं.

माझी सुटका झाली होती. ट्रकला कुलूप लावून मी केव्हाही निघू शकत होते. आणि त्याच क्षणी मी इतकी अडकले की सकाळपासूनचं अडकणं त्यापुढे सहल वाटलं. आता इथे बसणं म्हणजे गुन्हा होता, आणि मी बसलेच होते, कारण होडी नव्हती.

"पोहून जाता येईल?" कर्नलनं विचारलं. मग स्वतःच म्हणाला, "नाही. क्षमा करा."

मी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. पाण्याच्या अगदी काठाशी. परत आले. परत गेले. कर्नल छत्री घेऊन मागे मागे चालत होता. त्याच्या पदकांतून पाणी गळत होतं.

"बसा तरी."

"बसले असते तर तिकडे बसले असते. इथे कशाला बसू?"

किती वेळ गेला ते मी बघितलं नाही. मोटारीचा आवाज आला तेव्हा मी दोन्ही हात हलवत गुडघाभर पाण्यात होते. ड्यूईच्या होडीत एक म्हातारी, दोन ओली कुत्री आणि एक शिवणयंत्र होतं.

"पेट्या?" ड्यूईनं विचारलं.

"राहू देत. रबर आहे."

"मघाशी तर..."

"मघाशी मला माहीत नव्हतं. चल."

"निरोप देऊ का वायरलेसवर? मंडपाजवळ आमचा माणूस आहे."

माझ्या तोंडावर आलं होतं, दे. मग आठवलं, पुराच्या दिवशी त्या वायरलेसला अर्धा तालुका कान लावून बसलेला असतो. मंडपाबाहेर उघड्या पिकअपमध्ये बंदुका आहेत, एवढं वाऱ्यावर सोडलं की मी पोचायच्या आत बघे पोचणार. "नको," मी म्हटलं. "निरोप काही नाही."

कर्नलला होडीत बसवणं हे वेगळंच प्रकरण होतं. शेवटी म्हातारीनं त्याचा हात धरला. "सैन्यात होतात ना तुम्ही?" ती म्हणाली. "मग?" तो डोळे मिटून चढला आणि पलीकडचा काठ येईपर्यंत त्यानं ते उघडले नाहीत. माझ्या टोपीचं खोकं मात्र सोडलं नाही.

पलीकडून ड्यूईच्या मेव्हण्यानं आम्हाला गाडीनं मंडपापर्यंत सोडलं. पाऊस भुरभुरत होता. कुरणात पांढरा मंडप, खुर्च्या मांडलेल्या, आतून कुणीतरी गिटार जुळवत होतं. म्हणजे लग्न अजून लागायचं होतं. पुरानं पाहुणेही उशिरा आले होते. आणि कुरणाच्या पार कडेला, आंब्याखाली, बेव्हनची पिकअप.

तिच्यात माणसं होती.

डारिओचे तीन काका, त्यांच्या इटालियनमध्ये झिओ, हिरव्या पेट्यांवर ओळीनं बसले होते, सुटाबुटात, हातात बियर. मधल्यानं एका पेटीवर रुमाल पसरला होता आणि चाकूनं सलामी सॉसेजचे काप काढत होता.

मी जवळ गेले. नजर कुलपांवर होती. पहिलं होतं. दुसरं होतं. शेवटचं एका काकाच्या ढांगेखाली होतं.

"जरा पाय घ्या, झिओ कारमेलो," मी म्हटलं.

त्यानं पाय घेतला. तेही होतं.

"चांगल्या भक्कम आहेत पेट्या," तो म्हणाला. "काय आहे यांत?"

"सिनेमाचं सामान."

"मला वाटलंच, रंगीबेरंगी कपडे वगैरे." त्यानं मला सलामीचा तुकडा दिला. "तू लिओनी ना? नवरीची आई? मग इथे काय करतेस? आत जा."

मी त्यांना हात जोडण्याइतक्या नम्रपणे खाली उतरवलं आणि त्यांच्या जागी बसले. पेट्यांवर, उकडलेल्या बटाट्यासारखी मऊ पडून. ड्रेस प्लास्टिकमध्येच होता. अंगावर सकाळचे कपडे, चिखल, आणि तेलाचं फडकं अजून खिशात.

मग मला कळलं की मी कुठे बसलेय. मंडप समोर दिसत होता. बेव्हन दिसत होता, नव्या कोटात, मान वळवून वळवून रस्त्याकडे बघत. त्याला हाक मारली की तो येणार आणि माझ्याऐवजी इथे बसणार, कारण आम्हाला दुसरं काही येतच नाही. मग टीगनला चालवत कोण आणणार? दोघांतला एकच. पुन्हा एकच. आणि आत नवरीचा हात धरायला बापच हवा होता.

"तुम्ही जा, कर्नल," मी म्हटलं. "कुणाला काही सांगू नका. लागलं की बेव्हनला हळूच इकडे पाठवा."

"आणि तुम्ही?"

"मला इथून दिसतंय की. चांगलं दिसतंय."

तो गेला. काही सांगायचं नाही असं मी त्याला बजावलं होतं, पण पदकं लावलेला ओलाचिंब कर्नल रबरी चपलांत लग्नाच्या मंडपात शिरला की काही सांगावं लागत नाही. गिटार थांबली. सगळ्या माना वळल्या. मी पाहिलं, मंडपाच्या मागच्या खोपटातून टीगन बाहेर आली, कर्नलच्या हातातल्या टोपीच्या खोक्याकडे बघितलं, आणि मग सरळ आंब्याकडे.

झग्याचा घेर दोन्ही हातांनी वर धरून ती कुरण तुडवत आली. खाली शेतातले बूट होते. मागे धावत बेव्हन, त्याच्या मागे डारिओ.

"उतर, आई."

"टीगन, ऐक. पेट्या बदलल्या. या खऱ्या आहेत."

बेव्हन जागच्या जागी थांबला. त्याचा चेहरा कसा झाला ते मी सांगत नाही. दाढी मात्र हनुवटीखाली राहिली होती.

"मी बसतो," तो म्हणाला. "तू जा आत. जा, लिओनी."

"तू बापाच्या जागी हवास."

"आणि तू आईच्या नकोस?"

"अरे, पण..."

"गप्प बसा दोघं," टीगन म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मी तिला इतकी चिडलेली कधी पाहिली नव्हती. "लहानपणापासून मी हेच ऐकत आलेय. तू जा, मी बसतो. मी बसते, तू जा. तुम्हाला एकदाही असं का नाही वाटलं, की हे सामान चाकांवर आहे?"

बेव्हननं पिकअपच्या चाकांकडे बघितलं.

"बाबा, गाडी आण," ती म्हणाली. "मंडपात. मागची बाजू आत कर, म्हणजे पेट्या माझ्या नाकासमोर राहतील. आणि राखत बसा, दोघं मिळून."

डारिओ खोकला. "आजी काय म्हणेल..."

"आजीला मी सांगते."

बेव्हन गाडीत चढला. मी पेट्यांवरून उतरले नाही. पिकअप मागे मागे जात कुरण ओलांडून आली, खुर्च्या बाजूला झाल्या, डारिओच्या आजीनं छातीवर क्रॉसची खूण केली, आणि मंडपाच्या दोन खांबांमध्ये पोचते न पोचते तोच मागची चाकं चिखलात गेली. बेव्हननं पाय दाबला. ती आणखी गेली. तिन्ही काका कोट काढून ढकलायला आले, आणि त्यांच्या ढकलण्यानं ती आसापर्यंत रुतून शांत बसली.

"झालं," झिओ कारमेलो कपाळ पुसत म्हणाला. "आता ही उद्या ट्रॅक्टरशिवाय निघत नाही."

लग्न लावणाऱ्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "सुरू करायचं ना?"

निळा ड्रेस मी पिकअपच्या पुढच्या सीटवर कशीबशी वाकून घातला, कर्नल पाठ करून दारापाशी पहारा देत होता. टोपी मात्र कोरडी होती. बेव्हन टीगनला घेऊन खोपटापासून चालत आला, तिला डारिओपाशी सोडलं, आणि तसाच येऊन पिकअपच्या फळीवर माझ्याशेजारी बसला. आम्ही तिथून ऐकलं, सगळं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. त्याचा हात माझ्या हातात होता. दुसरा त्यानं कुलपावर ठेवला होता.

फोटो नंतर आला. मध्ये टीगन आणि डारिओ, मागे रुतलेली पिकअप, हिरव्या पेट्या, आणि पदकं लावलेला कर्नल, ज्याला डारिओच्या घरचे अजूनही माझा भाऊ समजतात. बेव्हन आणि मी दोघंही आहोत. पण कॅमेऱ्याकडे बघत नाही आहोत. कुणीतरी पेटीवर वाइनचा पेला ठेवला होता, तिकडे बघतोय.

टीगननं तो दिवाणखान्यात लावलाय. ती म्हणते, निदान दोघं एकाच बाजूला तरी बघताय.